पडलं की पाडलं?

स्पॅनिशमध्ये एखाद्याची फिरकी घ्यायची असेल तर त्याचे केस धरतात. 'तोमार एल पेलो'. त्याच कामासाठी इंग्रज माणूस पाय ओढतो आणि आपण शेंडी लावतो. आता यातला इंग्रजी पाय जसाच्या तसा मराठीत आणला तर पंचाईत, कारण आपल्याकडे पाय ओढणे म्हणजे खेकड्यांचा धंदा, त्यात गंमत कसली? आणि शेंडी स्पॅनिशमध्ये न्यावी तर तिथे डोक्यावर केस आहेत पण शेंडी नाही. तरी केस आणि शेंडी ही मंडळी एकाच डोक्यावरची, त्यामुळे हा वाक्प्रचार पहिल्यांदा शिकले तेव्हा मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं होतं.

मी पोटापाण्यासाठी स्पॅनिशमधून इंग्रजीत भाषांतर करते. पुण्यात बसून. म्हणजे मूळ माझं नाही, ज्या भाषेत न्यायचं तीही माझी नाही, आणि मधल्या मध्ये मी मराठीत विचार करत बसलेली. लोकांना हे विचित्र वाटतं. "मग मराठीत का नाही करत?" असं विचारतात. करीन की, कुणी पैसे देणार असेल तर! असो. पण इतकी वर्षं हे काम केल्यावर माझं एक मत पक्कं झालंय, की स्पॅनिश बोली इंग्रजीत नेताना मधे मराठीचा पाट टाकून बसणं हे भलतंच सोयीचं असतं. निदान जेवण काय वाढलंय ते तरी नीट दिसतं.

उदाहरणार्थ 'कोन्स्वेग्रा'. इंग्रजीत या बाईला नावच नाही. 'माझ्या मुलाची सासू' असं लांबण लावावं लागतं. मराठीत? विहीण! संपलं. 'कोन्कुन्या' म्हणजे आपली जाऊ, तिलाही इंग्रजीत कुणी विचारत नाही. (अर्थात उलटही आहे. स्पॅनिशमध्ये दीर आणि मेहुणा यांना एकच शब्द, 'कुन्यादो', आणि मामा-काकांना मिळून एक 'तिओ'. तिथे आपण श्रीमंत.) एकदा एका कौटुंबिक निवेदनात कोन्स्वेग्रा अकरा वेळा आली होती. मी अकरा वेळा 'मुलाची सासू' लिहिलं आणि प्रत्येक वेळी त्या बाईला विहिणीच्या मानाच्या पंगतीतून उठवल्यासारखं वाटलं.

किंवा 'एस्त्रेनार' घ्या. नवी वस्तू पहिल्यांदा वापरणे. नवा सदरा पहिल्यांदा अंगात घालणे, नव्या घरात पहिल्यांदा राहणे, नाटकाचा पहिला प्रयोग करणे, सगळं एका क्रियापदात. इंग्रजीत 'वेअर फॉर द फर्स्ट टाइम' म्हणावं लागतं आणि त्यातला नव्या कापडाचा वास उडून जातो. मी हे एकदा जेवताना सासूबाईंना सांगत होते. त्या आमटी वाढता वाढता म्हणाल्या, "अगं, घडी मोडली म्हणावं की." घ्या! घडी मोडणे. साडीपुरतं का होईना, पण नेमकं तेच. एकदा नेसली की संपलं, परत घडी मोडता येत नाही. मी म्हटलं, "आई, तुम्ही माझ्याऐवजी बसत जा कॉम्प्युटरवर." त्यावर त्यांनी "मला तुमचं ते इंग्रजी येत नाही बाई" म्हणून ताक पुढे केलं.

सगळंच असं जुळत नाही हेही सांगायला हवं. 'नो तेनेर पेलोस एन ला लेंग्वा', म्हणजे जिभेवर केस नसणे. आपण म्हणतो जिभेला हाड नाही. वरवर पाहता जुळी भावंडं, पण स्वभाव वेगळे. जिभेला हाड नाही हे आपण नाक मुरडून म्हणतो. स्पॅनिशमध्ये जिभेवर केस नसलेल्या माणसाबद्दल बरेचदा कौतुक असतं, जे मनात ते तोंडावर. एखाद्या शेजारणीचं असं वर्णन आलं तर ते स्तुती म्हणून घ्यायचं की तक्रार म्हणून, हे आजूबाजूची चार वाक्यं वाचल्याशिवाय कळत नाही. मांजराला स्पॅनिशमध्ये सात जन्म आणि इंग्रजीत नऊ. वस्तू महाग असेल तर स्पॅनिश माणूस चेहऱ्यावरचा एक डोळा देतो, इंग्रज एक हात आणि एक पाय. हे हिशेब सोपे, कोष्टक पाठ केलं की झालं.

भाषांतराच्या वर्गात हेच शिकवतात आणि पुस्तकंही याचीच निघतात, कारण वाचायला मजा येते. सांचो पांझाच्या म्हणींवर तर भाषांतरकारांच्या पिढ्या खर्ची पडल्यात. १६०५ साली 'दोन किखोते'चा पहिला भाग आला, १६१२ साली थॉमस शेल्टनने त्याचं पहिलं इंग्रजी भाषांतर छापलं, आणि तेव्हापासून प्रत्येकाने त्या म्हणींशी आपापल्या परीने झटापट केली. अंडी तळायला घेतली की कळेलच, अशा अर्थाची तिथली एक म्हण अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मोटोच्या इंग्रजीत शिरली आणि तिचं पुडिंग झालं. मला तो बदल आवडतो. स्वयंपाकघर बदललं, पण भूक तीच राहिली. दुसऱ्या भागात खुद्द दोन किखोतेच सांचोला झापतो, की किती म्हणी ओतशील एकावर एक! वाचताना नेहमी वाटतं, बिचाऱ्या भाषांतरकारांच्या वतीने बोलतोय.

पण मी चालले 'उबेदाच्या टेकड्यांवर'. हाही त्यांचाच वाक्प्रचार. आंदालुसियातल्या खाएन प्रांतातलं उबेदा हे खरंखुरं गाव आहे, आणि बोलताना विषय सोडून भरकटणाऱ्याला 'उबेदाच्या टेकड्यांवर गेला' असं म्हणतात.

तर सांगायचा मुद्दा असा, की गमतीशीर वाक्प्रचार माझी झोप घालवत नाहीत. डोळा, मांजर, केस दिसले की आपण सावध होतो, कोश उघडतो. घात करतात ते साधे दिसणारे शब्द. 'पेना' हा तसा शब्द. स्पेनमध्ये 'मे दा पेना' म्हणजे मला वाईट वाटतं. मेक्सिकोत, मध्य अमेरिकेत, कोलंबियात म्हणजे मला लाज वाटते, संकोच वाटतो. आता एखादी बाई लिहिते की डॉक्टरांना सांगायला मला 'पेना' वाटली. तिला डॉक्टरांची दया आली? नाही हो. तिला भीड पडली. आपल्याकडच्या बायकांना पडते तीच. हा 'भीड' शब्द मला लगेच सुचतो, मग मी त्याचा इंग्रजी अवतार शोधत बसते, आणि तो कधीच तितका अचूक सापडत नाही.

तसंच 'पापी' आणि 'मामी'. लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी चार वर्षांच्या पोराला आई 'पापी' म्हणते आणि पोरीला 'मामी'. पत्रात 'जेवलास का पापी' असं दिसलं की नवखा भाषांतरकार तिथे बाप बसवतो किंवा, इंग्रजी सिनेमे पाहून, प्रियकर. आपल्याला यात काय नवल? 'नको रे बाबा' म्हणताना आपण कुठे वडिलांना हाक मारत असतो! 'आओरिता' म्हणजे कोशाप्रमाणे आत्ता, या क्षणी. मेक्सिकन माणसाच्या तोंडी तो 'हा काय आलोच' असतो. येईल, तासाभरात. किंवा नाही येणार.

आणि या साध्या शब्दांनी काय होऊ शकतं याची एक गोष्ट या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असते. १९८० साल, फ्लोरिडा. विली रामिरेझ नावाचा अठरा वर्षांचा मुलगा बेशुद्धावस्थेत हॉस्पिटलमध्ये आणला गेला. क्यूबन कुटुंब. घरच्यांनी सांगितलं, तो 'इन्तोक्सिकादो' आहे. त्यांना म्हणायचं होतं की खाण्यापिण्यातून याला काहीतरी झालंय. डॉक्टरांनी ऐकलं 'इन्टॉक्सिकेटेड', नशेत. अमली पदार्थांचा जादा डोस समजून उपचार सुरू झाले. खरं म्हणजे त्याच्या मेंदूत रक्तस्राव होत होता आणि ते लक्षात यायला दोन दिवस गेले. मुलगा वाचला, पण त्याचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय कायमचे लुळे पडले. पुढे भरपाईचा समझोता झाला तो त्याच्या आयुष्यभराचा मिळून सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरचा.

घरच्यांचा अंदाजही चुकीचाच होता हे खरं. पण शब्द त्यांनी बरोबर वापरला होता. मराठीत त्याला काय म्हणाल? 'काहीतरी बाधलंय.' विषबाधेतली बाधा. कुठल्याही मराठी आईने हेच म्हटलं असतं, आणि कुठल्याही मराठी डॉक्टरने त्यावरून दारूचा अर्थ काढला नसता. या प्रकरणात तिथे प्रशिक्षित दुभाषा कुणी नव्हता. दोन्ही बाजूंना वाटत होतं की आपल्याला कळलंय. मला नेहमी हाच भाग भीतीदायक वाटतो. अजिबात कळलं नसतं तर कुणीतरी कुणालातरी बोलावलं असतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्याकडे येते. काही काळापूर्वी एका एजन्सीकडून माझ्याकडे एक हस्तलिखित निवेदन आलं होतं. तपशील मी बदललेत, आणि एजन्सीचं नाव सांगायचं कारण नाही. मध्य अमेरिकेतून अमेरिकेत गेलेली एक बाई. दुसऱ्यांच्या घरी मूल सांभाळायची. मूल जिन्यात पडलं, लागलं, आणि काय घडलं ते तिने आपल्या हाताने दीड पान लिहून दिलं होतं. त्यात एक वाक्य होतं. 'से मे कायो ला नीन्या एन लास ग्रादास.' 'ग्रादास' म्हणजे तिकडच्या बोलीत घरातला जिना. 'नीन्या' म्हणजे लहान मुलगी. आणि 'से मे कायो'?

व्याकरणाने फोड करायची तर 'कायो' म्हणजे पडली. 'से' म्हणजे आपली आपण, असं ढोबळमानाने समजा. आणि 'मे' म्हणजे मला, माझ्या बाबतीत. माझ्या बाबतीत मुलगी पडली. स्पॅनिशमध्ये हे इतकं रोजचं आहे की त्याला कुणी वाक्प्रचारही म्हणणार नाही. ग्लास 'से मे कायो', माझ्या हातून पडला. चावी 'से मे ओल्विदो', माझ्याकडून विसरली. भात 'से मे केमो', करपला. आई 'से मे मुरिओ', आई गेली आणि मला पोरकं करून गेली. त्या एवढ्याशा 'मे'मध्ये कधी जबाबदारी असते, कधी दुःख, कधी नुसतं नशीब. हेतू मात्र नसतो.

इंग्रजीची गंमत अशी की तिथे साधा, सरळ, 'नैसर्गिक' म्हणून जो पर्याय येतो तो असतो 'आय ड्रॉप्ड द ग्लास'. मी ग्लास पाडला. कर्ता हजर, कर्म हजर, क्रिया सकर्मक. पडला आणि पाडला यांच्यात आपल्याकडे एक काना आहे. लहान पोरं त्या एका कान्यावर भांडतात. "तू पाडलंस!" "मी नाही पाडलं, पडलं!" इंग्रजी बोलणारा माणूस चुकून झालेल्या गोष्टीलाही बिनदिक्कत कर्ता लावतो आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नाही, कारण त्याच्या भाषेत त्याने आरोप झाल्यासारखं वाटतच नाही. पण तेच वाक्य कागदावर उतरलं, वकिलाच्या टेबलावर गेलं, की वाटायला लागतं.

हे माझं मनचं नाही. केटलिन फॉसी आणि लेरा बोरोदित्स्की या दोघींनी यावर प्रयोग केलेत. फुगे फुटतात, अंडी फुटतात, पेय सांडतं, कधी मुद्दाम कधी चुकून, अशा छोट्या फिल्म इंग्रजी आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांना दाखवल्या. मुद्दाम केलेल्या गोष्टी दोघांनी सारख्याच सांगितल्या. चुकून झालेल्या गोष्टींत इंग्रजीवाल्यांनी जास्त वेळा कर्ता लावला, आणि पुढे कुणी केलं हेही त्यांनाच जास्त आठवलं. हा निबंध २०११ चा. त्याआधी २०१० मध्ये त्यांनी दाखवलं होतं की एकाच घटनेचं वर्णन कर्ता लावून केलं की वाचणारे दोषही जास्त देतात आणि दंडही जास्त सुचवतात. म्हणजे इंग्रजीतल्या इंग्रजीतसुद्धा पडलं आणि पाडलं यांत पैशाचा फरक आहे.

बरं, माझ्या वाक्यात याहून एक मोठी मेख होती. ग्लास हातातच असतो, त्यामुळे हातून पडला म्हटलं की भागतं. मुलगी कुठे होती? 'से मे कायो ला नीन्या' याचा अर्थ मुलगी माझ्या कडेवर होती आणि निसटली असा होऊ शकतो. मुलगी माझ्या देखरेखीत होती, आपल्या पायांनी जिना उतरत होती आणि पडली, असाही होऊ शकतो. दोन्ही बाबतीत ती बाई 'मे' म्हणणार, कारण पोर तिच्या जिवावर सोपवलेलं होतं. ते दीड पान मी किती वेळा वाचलं याची गणती नाही. मुलगी कडेवर होती असं त्यात कुठेही नव्हतं. नव्हती असंही नव्हतं.

मी लिहिलं, मुलगी माझ्या देखरेखीत असताना जिन्यात पडली. आणि खाली टीप दिली, की मूळ रचना अपघात सुचवते, बोलणाऱ्याचा संबंध आणि जबाबदारीची भावना सुचवते, पण मूल हातात होतं की नाही हे त्यावरून ठरत नाही. टीप साडेतीन ओळींची झाली. मला टिपा आवडत नाहीत, भाषांतरकाराने पडद्यामागे राहावं या मताची मी आहे. पण इथे इलाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी एजन्सीच्या संपादकाकडून फाईल परत आली. टीप गायब, आणि वाक्याच्या जागी 'आय ड्रॉप्ड द गर्ल ऑन द स्टेअर्स'. शेरा होता की माझी रचना अवघडलेली वाटते, ही जास्त सहज आहे. तो माणूस वाईट नव्हता. त्याचं स्पॅनिश चांगलं होतं, इंग्रजी तर माझ्यापेक्षा नक्कीच चांगलं. त्याच्या कानाला जे सहज वाटलं ते त्याने केलं. शंभरातल्या नव्याण्णव वेळा मी निमूट मान्य करते, कारण इंग्रजी कानाची गोष्ट असेल तिथे कान त्याचा.

पण या कागदाखाली प्रमाणपत्र असतं. अमेरिकेत अशा भाषांतराला लागतं ते, की भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि मी ते करायला सक्षम आहे. खाली सही माझी होती. मी कळवलं की या वाक्यावर मी सही करणार नाही. मग दोन दिवस मेला-मेली झाली. एका मेलमध्ये मी त्याला विचारलं, की या बाईने जर 'दे खे काएर' लिहिलं असतं, म्हणजे 'मी पडू दिलं', तर तुम्ही काय लिहिलं असतं? तेव्हाही हेच इंग्रजी वाक्य आलं असतं ना? मग तिने जो शब्द निवडला नाही तो आपण तिच्या तोंडी का घालायचा? यावर बराच वेळ उत्तर आलं नाही. पुण्यात रात्रीचे साडेअकरा झाले होते. ह्यांनी येऊन विचारलं, "अजून त्या जिन्यातच आहेस का?" मी म्हटलं, हो.

उत्तर आलं ते एका ओळीचं. तुमची रचना ठेवतो, टीप दोन ओळींत बसवा. मी बसवली. मूल हातात होतं की नाही हे मुळातून ठरत नाही, एवढं त्यात राहिलं याची खात्री केली, सही केली आणि फाईल पाठवली.

ती बाई पुढे कुठे गेली, तिला कुणी काय विचारलं, ती टीप कुणी वाचली तरी का, मुलगी बरी झाली का, यातलं मला काहीही कळलं नाही. कळणारही नाही, आमच्यापर्यंत येतात ते फक्त कागद. तिचं अक्षर मात्र अजून डोळ्यापुढे आहे. मोठं, शाळकरी, 'ग्रादास'मधला शेवटचा 'एस' ओळीच्या खाली घसरलेला.

पुढचं काम होतं लिफ्टच्या देखभालीचा करार. तेवीस पानं, आणि कर्ता प्रत्येक वाक्यात जागच्या जागी.